दोन थापा

२४ फेब्रुवारी १९५८, महाड

ही वही गाडीच्या ऑइलपाण्याच्या नोंदीसाठी घेतली होती. आता गाडीच पोलिसांच्या ताब्यात आहे. देवस्थळी वकील म्हणाले, "जे झालं ते झालं तसं लिहून काढा, विसरायच्या आत." मी विसरणारा माणूस नव्हे. तरी लिहितो.

काल अजमलशेठच्या लॉरीत तांदळाची पोती भरून वाईला निघालो. सोबत माझा क्लीनर कुशाबा, तुडीलचा. वयाने माझ्याबरोबरीचा. पोलादपूर सोडून घाट चढू लागण्याआधी, पायथ्याशी, रस्त्यावरच्या कामगारांनी घाटाच्या देवाला राखण दिली होती. वर्षातून एकदा देतात. कोंबडे, नारळ आणि देवाला लागते ते. त्या दिवशी कुठलाही ड्रायव्हर तिथे न थांबता वर जात नाही. मीही थांबलो, नमस्कार केला, तीर्थ घेतले आणि वर निघालो.

वरच्या एका अवघड वळणावर इंजिन तापून बंद पडले. अशा वेळी क्लीनर उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावतो आणि मागच्या फाळक्यावर तळहाताने थाप मारतो. एक थाप म्हणजे थांबा, मी चाकापाशी आहे. दोन थापा म्हणजे ठोकळा बसला, मी बाजूला झालो, आता ब्रेक सोडा. आमच्या गाडीवर ही पद्धत मी घातली. तोंडाने ओरडलेले वाऱ्यात जाते. फळीवर मारलेले ड्रायव्हरच्या पाठीत ऐकू येते.

मला दोन थापा ऐकू आल्या. मी ब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे आली आणि कुशाबाचा उजवा पाय चाकाखाली सापडला.

पुढचे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. त्याला मी एकट्याने उचलून पुढे बसवले, त्या अरुंद जागेत भरलेली लॉरी वळवली आणि महाडच्या दवाखान्यात आणली. वाटेत एकाही मडगार्डाला ओरखडा नाही. ज्याला नशा चढली आहे त्याने हे करून दाखवावे.

मला पकडले ते स्टिअरिंगवर नव्हे. दवाखान्याच्या बाकावर. जखमीचा जबाब घ्यायला हवालदार आला, माझ्याशेजारी बसला आणि नाक वर केले.


२७ फेब्रुवारी

डॉक्टरचा दाखला वकिलांनी आणला. "तोंडाला मद्याचा वास. बुबुळे विस्फारलेली. रेघेवरून सरळ चालता येत नाही."

तिन्ही मुद्द्यांना माझे उत्तर आहे. वास तीर्थाचा. बुबुळे अंधाऱ्या खोलीत कोणाचीही मोठी होतात. आणि ती रेघ! दवाखान्याची फरशी दाराकडे उतरती आहे. धुण्याचे पाणी वाहून जावे म्हणून ती तशीच बसवलेली असते. त्यावर खडूने आडवी रेघ ओढली आणि मला चालायला लावले. मी आज मुद्दाम जाऊन त्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. सगळे दाराकडे गेले. तिथली बाई ओरडली, "आत्ताच पुसलं होतं मी!"

वकिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "दत्ताराम, फरशीवर खटला नाही. तीन कलमं आहेत. दारूबंदीचं एक, दारू पिऊन गाडी चालवल्याचं दुसरं, आणि निष्काळजीपणानं माणसाला जखमी केल्याचं तिसरं. पहिली दोन लागली तर थोडी कैद. तिसरं लागलं तर लायसन कायमचं गेलं समजा."

लायसन कायमचे. हे शब्द त्यांनी पान खात उच्चारले.

मी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. अक्षरे पत्र्याच्या डब्यांवरून शिकलो, आणि लढाईत मोडून पडलेल्या एका लष्करी लॉरीचे इंजिन उघडून, पुन्हा बसवून, मोटार शिकलो. महाडपासून वाईपर्यंतचे ड्रायव्हर मला मास्तर म्हणतात. ते लायसन काढून घेतले तर मागे काय उरते, ते मी लिहिणार नाही.


३ मार्च

कुशाबाला भेटून आलो. पाय घोट्याखाली कापला. ताप आहे. त्याची बायको बयाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. मला पाहून पदर सावरून उठली. म्हणाली, "बसा मास्तर. तुमी आनलंत म्हनून जीव तरी वाचला."

कुशाबाला म्हटले, "तुला आठवतंय ना? तू दोन थापा मारल्यास."

तो छताकडे पाहत राहिला.

"दोन. टप, टप. पहिली जरा हळू, दुसरी जोरात."

"तुमी म्हनता तर तसं असंल," म्हणाला.

तापात माणूस विसरतो. आठवण करून दिलेली बरी.


९ मार्च

पुन्हा गेलो. परवाही गेलो होतो. आज कुशाबा आपणहून म्हणाला, "दोन, मास्तर. हाय ध्येनात." त्याच्यासाठी बिरवाडीहून चिकू नेले होते. चांगले पिकलेले. त्याने बयाबाईला दिले.


२१ मार्च

वकिलांनी एक वाट काढली. म्हणाले, "वैद्याचा दाखला आणतो. तुम्ही द्राक्षासव घेता, त्यात थोडं मद्य असतंच, कायद्यानं ते औषध आहे."

मी आसव घेतो हे खरेच आहे. घाटातल्या थंडीने सांधे धरतात. पण त्या दिवशी तीर्थ घेतले होते आणि मी आसव घेतले असे सांगणे म्हणजे खोटे. मी नाही म्हटले.

"तीर्थ हा शब्द कायद्यात नाही," ते म्हणाले.

"मग कायदा अपुरा आहे," मी म्हटले.

घरी आवडीला हे सांगितले. माझी बायको फार बोलत नाही. रिकाम्या आसवाच्या बाटल्या धुऊन ती त्यांत रॉकेल, खोबरेल भरून ठेवते. म्हणाली, "वैद्याला बोलवा कोर्टात. आनि ह्या बाटल्या बी न्या. फळीवर जागा नाय र्‍हायली."

कुठल्या गोष्टीत काय आणते.


११ जून

आज साक्षी झाल्या. सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक आपापल्या परीने सांगत सुटतील.

प्रथम हवालदार. त्याने पंचनाम्यात "लॉरीचे डावे मागील चाक" लिहिले आहे. चाक उजवे होते. मी उभा राहून सांगितले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बसा." मी म्हटले, "चूक आहे." ते म्हणाले, "तुमचे वकील सांगतील." वकिलांनी माझा सदरा खाली ओढला.

मग ठमाबाई. घाटाच्या पायथ्याशी हिचे चहाचे खोपटे आहे. राखणेच्या दिवशी वाढायला हीच होती. ही आमच्या बाजूने बोलणार याची मला खात्री होती, कारण माणूस चांगले आहे.

देवस्थळी वकिलांनी विचारले, "दत्ताराम सकपाळांना ओळखता?"

"वळखते की. भला मानूस. देवाला इचारल्याबिगर वर जात नाय."

"त्या दिवशी त्यांनी काय घेतलं?"

"तीर्थ घेतलं."

"तीर्थच ना?"

"तीर्थच. देवापुढचं."

वकील माझ्याकडे पाहून बसले. मग सरकारी वकील उठला. तरुण आहे. केसांना तेल फार.

"बाई, तीर्थ कसं घेतात? तळहातावर ना?"

"व्हय. तळहातावर."

"सकपाळांनीही तळहातावर घेतलं?"

"पयलं तळहातावर."

"आणि मग?"

"मग तांब्यानं. तळहातात मावतंय किती?"

कोर्ट हसले. शिरस्तेदार हसला, पट्टेवाला हसला. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. आणि ती बाई, आपण काही चांगले सांगतो आहोत अशा चेहऱ्याने, पुढे म्हणाली, "बाकीच्यांनी बी घेतलं साहेब, पन मास्तरांवानी भक्तिभावानं कुनी नाय घेतलं."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "नीट बोलले ना मी?" मी चालू लागलो. ती बाई माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा येऊ नये.

शेवटी कुशाबा. काठी घेऊन आला. देवाशपथ खरे सांगेन म्हणाला.

"थापा किती मारल्यास?"

"दोन, साहेब."

"म्हणजे ठोकळा बसवून तू बाजूला झाला होतास?"

"झालो व्हतो."

"मग पाय चाकाखाली कसा आला?"

"मी झालो बाजूला. पाय मागं र्‍हायला. तो पयल्यापासूनच माज्यापरास मंद हाय."

पुन्हा हसले. सरकारी वकील चिडला. "थापा मारतोस?"

"व्हय साहेब. सांगितलं की, दोन."

या वेळी मॅजिस्ट्रेटही हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. साक्षीदार सरळ उत्तर देत होता.


१४ जून

निकाल. पहिल्या दोन कलमांत दोषी, म्हणजे ठमाबाईच्या कृपेने. पंधरा दिवसांची कैद आणि वर्षभर लायसन रद्द. तिसऱ्या कलमातून निर्दोष. "क्लीनरने ठरलेली खूण दिली असल्याचे त्याने स्वतः कबूल केले असून अपघातास त्याचाच हलगर्जीपणा कारण झाला." हे वाक्य मी शिरस्तेदाराकडून दोनदा वाचून घेतले.

कायमचे नाही. एक वर्ष. उद्या कचेरीच्या कोठडीत.


२ जुलै

परवा सुटलो. आत काय होते ते लिहिण्यासारखे नाही. बरोबर एक खिसेकापू होता. त्याने विचारले, "काय केलंस?" मी सांगितले. तो म्हणाला, "एवढंच?" आणि तोंड फिरवून झोपला.

अजमलशेठ भला माणूस आहे. पाच वेळ नमाज पढणारा, पानसुद्धा खात नाही. मला वाटले दारात उभे करणार नाही. म्हणाला, "दत्ताराम, तुझ्या तोंडाचा वास मला पसंत नाय. पण कोर्टानं पायाचा दोष तुझ्यावर घातला नाय. शेडमध्ये इंजिनाचं काम बघ. लायसन आलं की गाडी तुझी."

मी म्हटले, "कोर्टाचं वाक्य माझ्याकडे लिहून आहे."

"ठेव तुझ्यापाशी," म्हणाला.


१९ ऑगस्ट

सावित्रीला पाणी चढले आहे, शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत ओल. लॉरीचा गिअरबॉक्स उघडून ठेवला आहे. माझ्या जागी नेमलेल्या ड्रायव्हरने दात खाऊन टाकलेत. गाडी चालवणे म्हणजे गाडीशी भांडणे असे ज्याला वाटते, त्याच्या हाती लॉरी आणि माझ्या हाती त्याची घाण.

आसव महाग झाले आहे. वैद्य म्हणतो मागणी वाढली.


६ ऑक्टोबर

आज शेडमध्ये बयाबाई आली. शेठ गाडीपाशी उभा होता, मी चाकाचे नट काढत होतो.

ती म्हणाली, "शेठ, त्यांना काम द्या. बसून करायचं कायबी. गोदामावर ठेवा. आवाज मोठा हाय त्यांचा."

शेठ म्हणाला, "बाई, मला वाईट वाटतं. पण तो स्वतः कोर्टात बोलला, चूक माझी. ज्याला स्वतःचा पाय सांभाळता येत नाय त्याच्या हाती गोदाम कसं देऊ?"

तिने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुमी तरी सांगा शेठना. तुमी व्हता तिथं."

शेठनेही पाहिले.

मी काय सांगणार? कोर्टाचा निकाल मी बदलू शकत नाही. मी म्हटले, "कुशाबा कामाला चांगला आहे." हे खरे आहे, आणि मी तेवढेच म्हटले.

ती गेली. नट गंजलेला होता, निघता निघेना.


२२ जानेवारी १९५९

आवडी विचारते, "तुडीलला कुशाबाकडं गेला नाय कधी?" वेळ कुठे आहे.


१७ जून

लायसन आले. अलिबागेहून, पोस्टाने. नाव बरोबर आहे. "सकपाळ" मधला "क" पोटफोड्या "ष"सारखा काढलाय, पण चालेल.

शेठने किल्ली दिली. पुढच्या सोमवारी वाई.


१९ जून

आज तुडीलला गेलो होतो. जे झाले ते झाले तसे लिहितो.

पेढे नेले. कुशाबा पडवीत बसून सुंभ वळत होता. बरा दिसला. दाढी वाढलेली.

मी म्हटले, "कुशाबा, लायसन आलं. सोमवारी गाडी घेतोय. तू चल माझ्याबरोबर. खाली उतरायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. खालचं मी बघेन. शेठला मी पटवतो."

"मी नाय बसत, मास्तर."

"पायामुळे?"

"पायाचं काय. तुमच्यामुळं."

मला राग आला. मी म्हटले, "म्हणजे मी चालवण्यात चुकलो असं म्हणायचंय तुला? कोर्टानं काय लिहिलंय? तू स्वतः शपथेवर..."

त्याने सुंभ वळणे थांबवले नाही. "मास्तर, त्या दिवशी तुमाला थापा किती ऐकू आल्या?"

"दोन."

"नीट आठवून सांगा."

"दोन. टप, टप. पहिली हळू."

"मी वाकलो व्हतो. ठोकळा हातातच व्हता, लावायचा व्हता अजून. हात मोकळा नव्हता, मास्तर. घाटात मी एकबी नाय मारली." त्याने दोरीला पीळ दिला. "कोर्टात मारल्या दोन."

आत बयाबाई भांडी घासत होती, ती थांबली.

मी म्हटले, "मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तुमी दवाखान्यात येत व्हता. रोज येऊन तेच सांगत व्हता, दोन, दोन. मला वाटलं, मानसाला एवढी गरज हाय तर देऊन टाकावं. पाय तर गेलाच व्हता."

बयाबाईने चहा आणला. मी घेतला. पेढे त्यांनी ठेवून घेतले. उठताना तो म्हणाला, "गाडी हळू न्या."


२० जून

एक असती तर मी समजलो असतो. एकीच्या दोन ऐकल्या, होते असे, घाटात आवाज घुमतो. असे उत्तर माझ्याकडे तयार होते, हे आज लक्षात येते. मारलीच नाही याला उत्तर नाही.

पण मी ऐकल्या. आत्ताही ऐकू येतात. पहिली हळू, दुसरी जोरात. एवढी बारीक आठवण असलेली गोष्ट घडलेलीच नाही, मग माझ्या बाकीच्या आठवणींचे काय? मडगार्डाला ओरखडा नव्हता, हे मी पाहिले होते का?

शेडमध्ये जाऊन पाहिले. डाव्या मडगार्डाला जुना पोचा आहे. रंगवलेला. कधीचा ते कोणी सांगू शकत नाही.


२१ जून

काल आसवाची बाटली संपवली. दुसरी फोडली.


२२ जून

सोमवार. किल्ली घेऊन शेठकडे गेलो, गाडी काढायच्या आधी. म्हटले, "शेठ, कुशाबानं थाप मारलीच नव्हती. मी प्यायलो होतो. पाय माझ्यामुळे गेला." तीर्थ, आसव, यातला एकही शब्द वापरला नाही. मला वाटले होते तो म्हणेल, दत्ताराम, हे सांगायला छाती लागते.

शेठ म्हणाला, "त्याची बाई आली होती. इथंच उभी होती. तुझ्या हातात पाना होता."

"होय."

"मी तिला परत पाठवलं. खुदा मला विचारेल, अजमल, तू त्या बाईला का परत पाठवलंस. मी काय सांगू? माझा ड्रायव्हर नट काढत होता म्हणून?"

मी म्हटले, "मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"तुला इंजिनात केसाएवढी चीर दिसते, आणि ते दिसलं नाय?" त्याने हात पुढे केला. "किल्ली ठेव."

ठेवली.


२५ जून

शेठने कुशाबाला बोलावून गोदामावर बसवले. माझ्या सांगण्याने हे झाले. हे मी घरी जरा मोठ्याने सांगितले.

आवडी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी कुशाबासाठी नाय गेला."

"मग कशासाठी गेलो?"

"चूक तशीच र्‍हायली की तुमाला जेवान जात नाय. त्या हवालदाराच्या डाव्या चाकासारखं. म्हनून गेला."

मी म्हटले, कारण कोणतेही असो, काम एकच झाले.

"नाय," म्हणाली, आणि सूप पाखडले.


२ जुलै

कुशाबा घरी आला. आमच्या घरी तो कधी आला नव्हता. काठी ओट्याला टेकवली, बसला नाही.

"तुमाला कुनी सांगितलं व्हतं शेठकडं जायला?"

"खरं ते सांगितलं मी, कुशाबा. तुझ्यावरचा डाग..."

"खरं माजं व्हतं!" तो ओरडला. बयाबाई खोटे बोलली नव्हती, आवाज मोठा आहे. "मी देवाची शपथ घेऊन खोटं बोललो, ते माज्यात आनि देवात व्हतं. मी तुमाला एकट्याला सांगितलं. शेडातनं ते पेठेत गेलं. आता पेठेतला पानवाला मला बघून फळीवर हात मारतो. काय कुशाबा, किती? येक का दोन? तुडीलात पोरं माज्या मागं टप टप करीत चालतात. हलगर्जी मानूस व्हतो तो बरा व्हतो. आता खोटा मानूस झालो."

"पण काम मिळालं तुला."

"मिळालं. तुमचं ऐकून मला ठेवलं. परत तुमीच दिलंत." त्याने काठी उचलली. "मास्तर, तुमच्याकडनं कायबी घेतलं की माजं कायतरी जातं."

आवडीने त्याला पाणी दिले. तिच्या हातून तो प्यायला.

यावर मी काय म्हणायला हवे होते ते रात्रभर शोधले. अजून सापडलेले नाही. बहुधा काहीच म्हणायचे नव्हते, ऐकायचे होते. तेवढे केले असे म्हणावे, तर मध्येच मी "पण काम मिळालं" म्हणालोच.


८ ऑगस्ट

महाडात ड्रायव्हरची जागा आहे, मला नाही. एका मालकाने तर विचारले, "तू एक थाप ऐकणारा की दोन?" त्याच्या माणसांना हसू आवरेना. मी त्याच्या लॉरीचे टायर पाहून घेतले. पुढचे डावे गुळगुळीत झाले आहे. त्याला सांगितले नाही. अर्ध्या वाटेवरून परत जाऊन सांगितले.


३० ऑगस्ट

आज पोलादपूरला गेलो. रमजानच्या दोन लॉऱ्या आहेत, तिसरी घेतली आहे. तो स्वतः ड्रायव्हर होता, मला जुन्या दिवसांपासून ओळखतो. लायसन त्याच्यापुढे ठेवले. त्याने उघडूनही पाहिले नाही.

"मास्तर, चालवण्यात तुझा हात धरणारा नाय कोणी. एकच विचारतो. पितोस?"

बाहेर लॉरीवर पोती चढवत होते. मी ठरवून गेलो होतो, सरळ सांगायचे. या वेळी शब्दांशी खेळायचे नाही.

"हो," म्हटले. "पितो."

मला वाटले, या एका शब्दाने त्याच्या मनात माझी किंमत वाढेल. लपवणारे त्याने पुष्कळ पाहिले असतील.

रमजान म्हणाला, "मग जा. मला खरं बोलणारा ड्रायव्हर नकोय. न पिणारा हवाय."

मी लायसन उचलले. दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाला, "थांब. तिसरी गाडी दिवाळीनंतर रस्त्यावर येईल. तोवर सोडून बघ."

"आणि तेव्हा मला पुन्हा विचारशील."

"तुला कशाला विचारू? तुला विचारून सगळ्यांचं झालंय. मी महाडला येईन तुझ्या घरी. तुझ्या बाईला विचारेन."

घरी आलो. आवडी ओट्यावर होती. तिने विचारले, "काय म्हनाला रमजान?"

मी म्हटले, "दिवाळीनंतर येणार आहे. तुला विचारायला. मी पितो की नाही ते."

तिने माझ्याकडे पाहिले, वर्षानुवर्षे पाहिले नव्हते असे.

"येऊ दे," म्हणाली. "मी खरं सांगेन."